चार्टर्ड इंजिनिअरचा अर्ज आणि मे महिन्यातलं एक चेंबर

परवा रविवारी अमळनेरला आईकडे गेले होते, आणि सहज सांगितलं की आई, माझं ते चार्टर्ड इंजिनिअरचं झालं बरं का, मेल आला. आई भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "हाई काय शे? तू इंजिनेर ते पहिलेच शे ना, मंग आते हाई नवं काय?" शेजारच्या काकू ओट्यावर बसल्या होत्या, त्यांना वाटलं मी सीए झाले, कारण चार्टर्ड म्हटलं की आपल्याकडे पुढे अकाउंटंटच येतं. ऑफिसातही तीन-चार जणांनी हेच विचारलं, आणि दोन ज्युनिअर पोरांनी मात्र खरंच मनापासून विचारलं की ताई, आम्हाला पण करायचंय, काय काय लागतं. म्हणून जरा निवांत लिहितेय. दोन वर्षं गेली यात, आणि फॉर्म भरण्यापेक्षा त्या फॉर्मने माझ्याकडून जे काढून घेतलं ते मला जास्त लिहायचंय.

आधी शब्दाचं सांगते. चार्टर म्हणजे सनद. आपण सनदी वकील म्हणायचो, सनदी अधिकारी म्हणतो, तसंच हे. आपल्या देशात इंजिनिअर लोकांची जुनी संस्था आहे, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स इंडिया, १९२० ची, मुख्य ऑफिस कोलकात्याला, आणि तिला १९३५ साली राजाची सनद मिळाली. त्या सनदेच्या जोरावर तिचे कॉर्पोरेट मेंबर, म्हणजे असोसिएट, मेंबर आणि फेलो (एएमआयई, एमआयई आणि एफआयई), हे चार्टर्ड इंजिनिअर इंडिया असं सर्टिफिकेट घेऊ शकतात. दुसरं म्हणजे इंग्लंडचं, ज्याला सी-एंग म्हणतात. तिकडे इंजिनिअरिंग कौन्सिल नावाची एक संस्था सगळ्यांचं रजिस्टर ठेवते आणि तिने परवाना दिलेल्या इन्स्टिट्यूशन तुमची तपासणी करतात, सिव्हिलवाल्यांची वेगळी, इलेक्ट्रिकलवाल्यांची वेगळी. मेकॅनिकलवाल्यांची आयमेक-ई, ती १८४७ साली बर्मिंगहॅमला सुरू झाली आणि तिचा पहिला अध्यक्ष रेल्वेवाला जॉर्ज स्टीफन्सन. तिकडे स्वतःला नुसतं इंजिनिअर कुणीही म्हणवून घेऊ शकतो, वॉशिंग मशीन दुरुस्त करणाराही, त्याला बंदी नाही, पण नावापुढे चार्टर्ड लावायचं तर मात्र रजिस्टरमध्ये नाव पाहिजे. मी हा दुसरा रस्ता धरला.

लोक या दोन्हींत फार गल्लत करतात. जळगाव एमआयडीसीत चार्टर्ड इंजिनिअर म्हटलं की समोर येतो तो सही-शिक्क्यावाला माणूस. बाहेरून जुनी मशिनरी मागवली की कस्टमला तिची किंमत आणि उरलेलं आयुष्य सांगणारं सर्टिफिकेट लागतं, एक्सपोर्टच्या स्कीममध्ये ड्युटी वाचवून मशीन आणलं तर ते खरंच कारखान्यात बसलंय हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं, तिथे हे लोक लागतात. ते काम हलकं अजिबात नाही. मला या सगळ्याची गोडी लागली तीच मुळी अशा एका माणसामुळे. आमच्याकडे त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, मी पण तेच लिहिते, वय आता सत्तरीच्या पुढे. मी नवीन असताना एकदा त्यांच्यासोबत एका डाळ मिलमध्ये सेकंडहँड मशीन बघायला गेले होते. मालकाने चहा मागवला, कागद तयारच ठेवले होते, फक्त सही बाकी. सरांनी चहा बाजूला ठेवला, मशीनच्या मागे जाऊन खाली उकिडवे बसले, खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि नेमप्लेटवरचा नवा हिरवा रंग खरवडायला लागले. पाचेक मिनिटं तो खर्र खर्र आवाज चालला होता. रंगाखालून सिरियल नंबर निघाला, तो कागदावरच्या नंबराशी जुळत नव्हता. सर उठले, हात झटकले आणि म्हणाले, शेठ, हा नंबर टाकून कागद करा, मग मी येतो. आवाज पण चढवला नाही. परत येताना गाडीत मला म्हणाले, बाई, सही म्हणजे मी तिथे होतो, मी बघितलं, मी सांगतोय, एवढंच असतं, पण तेवढं तरी असलंच पाहिजे.

ते माझ्या डोक्यात बसलं. आणि बसायला एक जुनी जागाही होती. माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे नदीवर दगडी बंधारे आहेत, शेकडो वर्षं जुने, आणि त्यांच्या पाटावर फड पद्धतीने शेती चालते, म्हणजे एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी वाटून घ्यायचं. आजोबा पाटकरी होते, दारं धरायचं काम त्यांचं. कुणाच्या वावरात पाणी कमी गेलं तर लोक कमिटीला नाही, आजोबांना विचारायचे, आणि आजोबा कधी "पाणीच कमी आलं" असं म्हणून सुटायचे नाहीत, किती वेळ कुठलं दार उघडं होतं ते सांगायचे. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागले तेव्हा सुरुवातीच्या कामांमध्ये त्यांच्याकडे खान्देशातलं याच पांझरेवरचं पाइप सायफनचं, म्हणजे नळातून पाणी नदीपलीकडे नेण्याचं, काम आलं होतं. दरवर्षी १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डेला फोटोला हार घालतो आपण, पण हा माणूस बावीस-तेवीस वर्षांचा असताना आपल्याच नदीत उभा होता हे आमच्या धुळ्या-जळगावच्या पोरांना कॉलेजात कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

असो, मुद्द्यावर येते. मी २००९ ची मेकॅनिकलची बी.ई., जळगावच्याच विद्यापीठाची. काम कोल्ड स्टोरेज आणि केळी पिकवायच्या चेंबरचं, रावेर, सावदा, यावल, फैजपूर हा सगळा पट्टा. बारा-तेरा वर्षं काम केल्यावर असं झालं की रेफ्रिजरेशनमध्ये ऑफिसात माझ्यावर कुणी नाही, मी जे सांगेन ते चालतं, आणि ते मला बरं वाटेनासं झालं. मी बरोबर करतेय का हे कुणीतरी बाहेरच्याने, माझं नाव-गाव न ओळखणाऱ्याने तपासावं असं वाटायला लागलं. पगारवाढ, परदेश वगैरे नंतरच्या गोष्टी. सरांना विचारलं तर ते म्हणाले, कर, पण घाईत करू नको.

पहिली अडचण डिग्रीची. आपल्याकडे पोरांना वाटतं बी.ई. आहे म्हणजे झालं. तसं नाहीये. वॉशिंग्टन अकॉर्ड म्हणून देशादेशांतला करार आहे, त्यात एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मानतात, भारत त्यात २०१४ साली एनबीएच्या, म्हणजे कोर्सना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मार्फत पूर्ण सदस्य झाला. पण त्याचा अर्थ भारतातली प्रत्येक बी.ई. चालते असा नाही, तुमच्या कॉलेजच्या तुमच्या ब्रँचला एनबीएचं टियर वन, म्हणजे या करारात धरलं जाणारं, मानांकन तुमच्या वर्षी होतं का ते बघावं लागतं, आणि माझ्या वेळी तर हा प्रश्नच नव्हता. शिवाय सी-एंगला त्यांना मास्टर्सच्या पातळीचं ज्ञान लागतं. मी हे वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून ठेवला आणि दोन महिने उघडला नाही. पण दार बंद नसतं. अशी डिग्री नसली तर इन्स्टिट्यूशन तुमचं शिक्षण आणि कामातून कमावलेलं ज्ञान वेगळं तपासते, त्यासाठी तुम्ही स्वतः केलेलं तांत्रिक काम खोलात जाऊन दाखवावं लागतं. ज्यांची असं मानांकन असलेली डिग्री आहे त्यांचं हे काम वाचतं, ज्यांची नाही त्यांनी वर्षभर जास्त धरावं. तरुण पोरांनी अॅडमिशनच्या वेळीच हे बघावं असं मला फार वाटतं, फी भरताना बसची सोय विचारतो आपण, हे विचारत नाही.

मग मुख्य फॉर्म. इंजिनिअरिंग कौन्सिलचं यूके-स्पेक नावाचं पुस्तक आहे, फुकट डाउनलोड होतं, त्यात ए पासून ई पर्यंत पाच खाती आहेत. ए म्हणजे ज्ञान आणि समज, बी म्हणजे डिझाइन आणि प्रश्न सोडवणं, सी म्हणजे जबाबदारी, मॅनेजमेंट, नेतृत्व, डी म्हणजे संवाद, आणि ई म्हणजे व्यवसायाशी बांधिलकी, त्यात सेफ्टी, पर्यावरण, सतत शिकत राहणं आणि नीतिमत्ता सगळं येतं. प्रत्येक खात्यात तुम्ही काय केलं ते पुराव्यासह लिहायचं. बायोडेटा नाही, प्रोजेक्टची यादी नाही. तुम्ही काय ठरवलं आणि का ठरवलं, हे.

माझा पहिला ड्राफ्ट मी पंधरा दिवसांत लिहिला आणि सरांना प्रिंट काढून दिला, त्यांना स्क्रीनवर वाचवत नाही. तीन दिवसांनी परत दिला तर लाल पेनने गोल गोल केलेलं. स्पेलिंगची चूक कुठेच नव्हती, सगळे गोल एकाच शब्दावर होते. वुई. वुई डिझाइन्ड, वुई सिलेक्टेड, वुई कमिशन्ड. मोजले तर सदतीस निघाले. सर म्हणाले, हे आम्ही आम्ही कोण आहे?

मला सुरुवातीला रागच आला. आपण असंच बोलतो ना. आपल्याकडे "मी केलं" म्हणणारा माणूस आगाऊ वाटतो, घरात पण "आपण बघू", "आपण करून टाकू" असंच असतं, आणि फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांच्या हातून झालेल्या कामाला मी माझं कसं म्हणू. सरांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ठीक आहे, मग यात चूक निघाली तर ती पण सगळ्यांची का? तिथे मी गप्प झाले, कारण मला लगेच मे २०१५ आठवला.

तो मे आता सांगतेच. त्या वेळी मी दुसऱ्या एका कंपनीत होते, नाव घेत नाही. सावद्याच्या बाजूला दहा टनाचं एक रायपनिंग चेंबर दिलं होतं आम्ही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चेंबरमध्ये कच्ची केळी क्रेटमध्ये रचतात, तापमान सोळा ते अठरा अंश, हवेत नव्वदच्या वर दमटपणा, आणि इथिलीन वायू साधारण १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर, सोडतात, चार-पाच दिवसांत सगळा माल एकसारखा पिवळा होतो. कार्बाइडला बंदी आहे, हा कायदेशीर आणि चांगला रस्ता आहे. आता हिशोब बघा, दहा टन केळी मे महिन्यात वावरातून येतात तीच चौतीस अंशाला, ती बारा तासांत अठराला आणायची तर नुसत्या मालाची उष्णता काढायलाच साडेबारा किलोवॅट लागतात, म्हणजे साडेतीन टन रेफ्रिजरेशन, एसीचा टन मोजतात ते माप. वर केळी पिकताना स्वतः श्वास घेतात आणि गरम होतात, ती उष्णता वेगळी, पंख्यांची वेगळी, भिंतींची वेगळी. हे सगळं आम्ही धरलं होतं. मशीन कागदावर पुरेसं होतं. पण कॅटलॉगमध्ये कंडेन्सरची, म्हणजे आतली उष्णता बाहेरच्या हवेत फेकणाऱ्या भागाची, क्षमता दिलेली असते ती बाहेरची हवा ३५ अंश धरून. ३५. आपल्याकडे मेमध्ये सकाळी नऊलाच ३५ च्या वर असतं. आणि तो कंडेन्सर बसवला होता पत्र्याच्या छतावर, तीन बाजूंनी आडोसा करून, म्हणजे त्याने फेकलेली गरम हवा तोच परत ओढत होता.

मला हे दिसलं होतं. ही गोष्ट आहे. माझ्या वहीत, १२ मार्चच्या पानावर, माझ्या हस्ताक्षरात लिहिलेलं आहे, "कंडेन्सर ३५ वर दिलाय, मेमध्ये इनलेट ४८-५० होईल, चेक." इनलेट म्हणजे कंडेन्सर आत ओढतो ती हवा. आणि खाली अधोरेखित केलंय. मी साहेबांना एकदा बोलले, ते म्हणाले गेल्या वर्षी दुसरीकडे असाच दिलाय, काही झालं नाही, आणि मी तिथेच सोडलं. मेल केला नाही, आकडेमोड दाखवली नाही, काही नाही. एकदा बोलले एवढ्यावर माझं समाधान झालं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी फोन आला. मी पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. छतावर गेले तर पत्र्याला हात लावता येत नव्हता, थर्मामीटर कंडेन्सरच्या तोंडाशी धरला तर एकावन्न. गेजवर प्रेशर चारशे पीएसआयला टेकलं की कटआउट, म्हणजे मशीन वाचवणारा स्विच, पडायचा, कॉम्प्रेसर बंद, मग तिथला पोरगा वर चढून रीसेटचं बटण दाबायचा, पाच-सात मिनिटं चालायचं की परत ट्रिप. सकाळपासून त्याने किती वेळा दाबलं असेल, त्याच्या अंगठ्यावर खूण पडली होती. आत गेले तर २७ अंश. केळ्याचं असं आहे की चोवीस-पंचवीसच्या वर पिकायला लागलं तर साल नीट पिवळी पडत नाही, हिरवट राहते आणि आत गर मऊ होतो, आपल्याकडे म्हणतात माल उकडला. आणि माल जितका गरम तितका तो स्वतः जास्त उष्णता सोडतो, मग मशीन कधीच गाठू शकत नाही. मी एका फणीतलं एक केळं सोललं, हिरवं दिसणारं, तर ते हातातच बसलं, आत पूर्ण लगदा. मालक तिथेच उभे होते, साठीचे गृहस्थ, धोतर-टोपीवाले, ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "ताई, जेवली का तू? उन्हात आलीस." पूर्ण दहा टन गेलं. कंपनीने पुढे काय केलं ते इथे लिहीत नाही, पण मला तेव्हा "आमच्याकडून चूक झाली" असंच म्हणता आलं, आणि त्या आम्हीमागे मी उभी होते.

तर सरांना मी हे सगळं पहिल्यांदाच सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, हे लिही. मी म्हटलं सर, अर्जात कुणी चूक लिहितं का. ते म्हणाले, ही चूक आणि तिच्यानंतर तू काय बदललं, हे सोडून तुझ्याकडे दुसरं सांगण्यासारखं आहे तरी काय?

मग मी पूर्ण अर्ज परत लिहिला, सहा महिने लागले, रोज रात्री पोरगी झोपल्यावर. केंद्रस्थानी ठेवलं २०१८ चं रावेरकडचं काम, चार चेंबरचं, नव्या कंपनीत, जिथे डिझाइनची सही माझी होती. तिथे मी कंडेन्सर ४८ अंश इनलेटवर निवडला. मालक अप्पा, त्यांना कुणीतरी दुसऱ्याने कमी कोटेशन दिलेलं, चेंबरमागे लाख-सव्वा लाखाचा फरक. अप्पा म्हणाले, एवढा मोठा कंडेन्सर वर्षातले दोन महिनेच कामाचा ना? मी म्हटलं अप्पा, ते दोन महिने तुमचा माल कुणाच्या भरवशावर? आणि या वेळी आकडे कागदावर मांडून दिले, ३५ ला काय होईल, ४० ला काय, ४६ ला काय, आणि खाली लिहिलं की छोटा कंडेन्सर लावायचा असेल तर माझी सही मिळणार नाही. हे लिहिताना पोटात गोळा आला होता. अप्पांनी दोन दिवस घेतले आणि हो म्हणाले.

शिवाय कंडेन्सरच्या तोंडाशी ओले पॅड लावले, आपल्या घरच्या कूलरचंच तत्त्व. खान्देशचा मे कोरडा असतो, ४५ अंशाला पॅडमधून आलेली हवा सहज तेहतीसपर्यंत उतरते. पण मेमध्ये पाण्याचीही मारामार, आणि बोअरच्या पाण्याला क्षार इतके की पॅड महिन्यात पांढरे पडतात. म्हणून मी असं ठरवलं की पॅड फक्त चाळीसच्या वर चालू होतील, आणि पाणी संपलं, पंप बंद पडला, काहीही झालं तरी नुसत्या कंडेन्सरवर मशीन ट्रिप होणार नाही, फक्त माल थंड व्हायला चार-पाच तास जास्त लागतील. म्हणजे पाणी हे मदतीला, आधाराला नाही. दुसरं, बंद खोलीत केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो एक टक्क्याच्या वर गेला तर पिकणं बिघडतंच पण आत जाणाऱ्या माणसालाही धोका, म्हणून सेन्सर, एक्झॉस्ट आणि आतून उघडणारं दार, हे मी पर्यायी न ठेवता डिझाइनमध्येच घातलं. हे ई खात्यात गेलं.

लिहिताना कळलं की "मी" लिहिणं म्हणजे बाकीच्यांचं श्रेय खाणं नव्हे. उलट मी माझा भाग नेमका लिहिला तेव्हा फिटरचा भागही नेमका दिसायला लागला. सेन्सरची जागा मी दारापाशी दाखवली होती, आमच्या मुख्य फिटरने सांगितलं की मॅडम, हा वायू जड असतो, खाली बसतो, आणि दारापाशी तर वारा लागतो, आत खालच्या क्रेटच्या उंचीला घ्या. मी तसं लिहिलं, की ही सूचना त्यांची, बदल मंजूर केला मी. आम्ही आम्हीमध्ये तो माणूस कुठेच दिसला नसता.

सपोर्टर म्हणून तुमचं काम जवळून बघितलेला माणूस लागतो, चार्टर्ड असेल तर उत्तम. इकडे तसा माणूस मिळणं सगळ्यात अवघड गेलं. माझ्या जुन्या एका क्लायंटचे कन्सल्टंट मिळाले, त्यांनी माझी आकडेमोड पूर्वी तपासली होती. नुसती ओळख आहे म्हणून कुणाची सही घेऊ नका, त्यांना तुमच्याबद्दल लिहून द्यायचं असतं.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. इन्व्हर्टर चार्ज करून ठेवला, शेजारी फोनचा हॉटस्पॉट, पोरगी आत्याकडे. समोर दोघं, स्वतः चार्टर्ड इंजिनिअर असलेले, हे काम विनामूल्य करणारे लोक. माझं इंग्रजी साधं आहे, सुरुवातीची दोन वाक्यं अडखळले, मग केळी आली आणि मी सुटले. त्यांच्यातल्या एकाने सरळ विचारलं, पाण्याची टंचाई असलेल्या भागात तुम्ही पाणी वापरणारा उपाय का निवडलात? मी मोजलेले आकडे दाखवले, सगळ्यात वाईट दिवशी चेंबरमागे ४०० लिटरच्या आसपास, वर्षातले किती दिवस, आणि पाण्याशिवायही मशीन उभं राहतं हे. मग दुसऱ्या बाईंनी २०१५ काढलं. म्हणाल्या, तुम्ही लिहिलंय की तुम्हाला मार्चमध्येच माहीत होतं. आज तीच परिस्थिती आली, साहेब तेच म्हणाले, तर तुम्ही नेमकं काय कराल? मी वही सोबत घेऊन बसले होते, का कुणास ठाऊक. ते पान कॅमेऱ्यासमोर धरलं, मराठीतलं, त्यांना वाचता येणार नव्हतंच, आणि सांगितलं की हे इथे लिहून मी थांबले होते. आज हे त्याच दिवशी आकड्यांसह लेखी जाईल, वरच्यांना जाईल, आणि नाही ऐकलं तर माझं नाव त्या ड्रॉइंगवर नसेल. त्या थोडा वेळ काही लिहीत होत्या. पुढचा प्रश्न वेगळाच आला.

मेल आला तेव्हा मी यावलला एका पॅकहाऊसवर होते. सरांना फोन केला. ते म्हणाले, छान, आता वर्षाला काय शिकलीस ते लिहून ठेवायला लागेल. ते खरं आहे, एकदा रजिस्टरमध्ये नाव गेलं की दरवर्षी फी असते, आचारसंहिता पाळायची असते आणि नवीन काय शिकलात याची नोंद ठेवायची असते, ती तपासायला मागवू शकतात.

ज्यांना करायचंय त्यांनी माझ्याकडे यावं, मी ड्राफ्ट वाचून देईन, लाल पेन माझ्याकडे पण आहे. पण येताना प्रोजेक्टची यादी आणू नका, जुन्या वह्या आणा. वही ठेवत नसाल तर आजपासून ठेवा, तारीख टाकून, दहा वर्षांनंतर आपण काय ठरवलं आणि का ठरवलं हे डोक्यातून काढायला गेलं तर निम्मं खोटं निघतं.

परवा अमळनेरहून परतताना वाट वाकडी करून रावेरला गेले. २०१८ च्या त्या चेंबरच्या छतावर मी या उन्हाळ्यात तापमान आपोआप नोंदवणारा डेटा लॉगर लावलाय, एक सेन्सर कंडेन्सरच्या तोंडाशी आणि एक पॅडच्या बाहेर. अप्पांचा नातू वर आला सोबत, दोघं सावलीत उकिडवे बसून आकडे बघत होतो. दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी बाहेर ४५.६, पॅडच्या आत ३२.८. खाली मशीनचा आवाज एकसारखा येत होता.